दोन दारांची वाघीण

कारखान्यात तिला सगळे आकडेबाई म्हणत. मालगाडीची वाघीण, म्हणजे मालाचा डबा, तयार झाली की तिच्या अंगावर नंबर लिहायचा, रिकामं वजन लिहायचं, माल किती भरायचा ते लिहायचं, हे तिचं काम. साचा धरून रंग फासणारे पुष्कळ होते. ही बाई नुसत्या ब्रशनं लिहायची आणि वर म्हणायची, "साचा काय, कुणाच्याही हाताला जमतो." अंगात थोडी घमेंड होतीच. बापाकडून आली होती, दुसरीकडून कुठून येणार?

आता मात्र लिहायला वाघिणीच उरल्या नव्हत्या. कारखाना विकला गेला होता. नवे मालक तिथं गोदामं बांधणार होते, आणि आवाराला लागून असलेली कामगारांची घरं महिनाअखेर रिकामी करायची होती. आकडेबाईचं आणि तिच्या नवऱ्याचं घर रुळांच्या पलीकडे, स्वतःचं होतं, त्यामुळे त्यांना घोर नव्हता. घोर होता तो बाबांचा. बाबा अजून कारखान्याच्याच घरात राहत होते, एकटे. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"माझ्याकडे चला," ती म्हणाली.

"त्याच्या घरात? मी?"

"बाबा, घर माझं आहे."

"दारावर पाटी कुणाच्या नावाची आहे?"

पाटी मामंजींच्या, तिच्या सासऱ्यांच्या, नावाची होती, आणि मामंजींचं नाव काढलं की बाबा भिंतीकडे तोंड करून बसत. दुसरा रस्ता भावाचा. भाऊ दूरच्या शहरात सातव्या मजल्यावर राहायचा. माणूस चांगला हो, त्याला नावं ठेवायला जागा नाही. त्यानं तिकीटही काढून ठेवलं होतं. पण बाबा तिथं जाऊन काय करणार? लिफ्टमध्ये कुणाशी भांडणार? तिनं आपल्याकडची मागची खोली झाडूनपुसून, पलंग टाकून तयार ठेवली होती. रोज तिथला दिवा लावून बघायची आणि पुन्हा मालवायची. एकदा का बाबा त्या गाडीत बसले की आपल्याला परत दिसायचे नाहीत, असं तिच्या मनानं घेतलं होतं, आणि ते काही उगीच नव्हतं.

आता हे भांडण कसलं, ते सांगायला पाहिजे. त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

हा कारखाना एका घोडागाड्या बनवणाऱ्या सुतारानं काढला. रेल्वे आली, घोडागाडीला विचारेना कुणी, तेव्हा हा पठ्ठ्या म्हणाला, चाकं तीच, फक्त लोखंडाची करायची. त्यानं पहिली वाघीण लाकडाची बनवली, झकास बनवली, आणि बाहेर काढायच्या दिवशी ती फाटकातून जाईना. रुळाचं माप बरोबर, वाघिणीचं बरोबर, फाटकाचं कुणी घेतलंच नव्हतं! शेवटी खांबाचा एक कोपरा छिन्नीनं तासला. तो तासलेला खांब अजून तसाच आहे, आणि नव्या कामगाराला पहिल्या दिवशी तो दाखवायचा हा तिथला रिवाज होता. "हे बघ, आपली सुरुवात अशी झाली. तेव्हा जास्त शहाणपणा करू नकोस."

लाकूड गेलं, पोलाद आलं. पोलादाबरोबर रिव्हेट आले, आणि रिव्हेटबरोबर आवाज. रिव्हेट म्हणजे लोखंडाचा टोपीवाला जाड खिळा. भट्टीत लाल करायचा, दोन पत्र्यांच्या भोकातून घालायचा. एक माणूस वाघिणीच्या आत बसून टोपीवर लोखंडी ठोकळा दाबून धरणार, दुसरा बाहेरून हातोडा चालवून शेपटाची दुसरी टोपी करणार. गार झाला की रिव्हेट आक्रसतो आणि दोन्ही पत्रे घट्ट ओढून घेतो. आतल्यानं धरण्यात जरा जरी कसूर केली की रिव्हेट ढिला. म्हणजे बाहेरचा कितीही तालेवार असो, त्याची अब्रू आतल्याच्या हातात. आणि मजा अशी की काम चालू असताना दोघं एकमेकांना दिसत नाहीत. मध्ये पत्रा.

बाबा बाहेरचे, मामंजी आतले. सगळा कारखाना त्यांना ठोक्या आणि टेकू म्हणायचा. अर्धं आयुष्य त्यांनी असं पत्र्याच्या दोन बाजूंना काढलं. दोघांचे कान त्या आवाजानं एकदमच गेले. काम संपलं की दोघं आवारातल्या नळावर शेजारी शेजारी उभं राहून हात धुवायचे, आणि मग दोघांनाही ऐकू येत नसल्यामुळे गावभर ऐकू जाईल अशा आवाजात खाजगी गोष्टी बोलायचे. आकडेबाईचं लग्न असंच ठरलं. नळावर ठरलं. घरी सांगण्याआधी अख्ख्या शेडला कळलं होतं.

मग वेल्डिंग आलं. टेकूचं डोकं चालायचं, त्याला तपासनीस केलं, अंगावर स्वच्छ कोट चढला. ठोक्याच्या जोडीला आत एक नवा गडी दिला. रिव्हेटची शेवटची वाघीण बांधायला घेतली तेव्हा तपासायला टेकूच आला. चुकलेल्या रिव्हेटभोवती खडूनं गोल काढायची पद्धत होती. तो गोल म्हणजे भर चौकात थोबाडीत. टेकूनं आपल्या जिवाभावाच्या दोस्ताच्या, आपल्या व्याह्याच्या कामावर गोल काढले. एक नाही, आडभिंतीवर, म्हणजे डब्याच्या टोकाच्या भिंतीवर, ओळीनं काढले. सगळी शेड बघत होती.

त्या दिवसापासून ठोक्यानं त्याच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच.

मामंजींची बाजू तिला घरी ऐकून ऐकून पाठ झाली होती. "ढिले होते गं सूनबाई. तो नवा गडी ठोकळा धरत होता की पाळणा हलवत होता, देव जाणे. ढिली वाघीण पुलावर सोडू? मग मीच त्या गड्याला चहाला पिटाळलं, कोटासकट आत शिरलो, आणि गोल काढलेले रिव्हेट पुन्हा मारताना एकूण एक मी धरला. तुझ्या बापाला बाहेर पत्ता नाही. म्हटलं, संपलं की नळावर भेटेल, तिथं सांगू. नळाशी उभा राहिलो, उभा राहिलो. हात धुवायला आला नाही तुझा बाप!" आणि मग पुन्हा, जेवताना, टीव्ही बघताना, काहीच कारण नसताना, "हात धुवायला आला नाही."

तिनं कितीदा बाबांना सांगायचा प्रयत्न केला. पण बहिऱ्या माणसाला ऐकायचं नसलं की कोण काय करणार? कानातलं यंत्र काढून खणात ठेवायचे. विषय संपला. सणासमारंभाला एक आले की दुसरे यायचे नाहीत. नातवंडांना वाटायचं, आजोबा पाळीपाळीनं येतात.

वीस-बावीस वर्षं ती या दोघांच्या मध्ये होती. कंटाळून गेली होती बिचारी.

आणि अशात ती वाघीण परत आली.

तीच, शेवटची रिव्हेटवाली. देशभर धान्य, सिमेंट, कोळसा वाहून म्हातारी झालेली, कुठल्याशा भंगाराच्या यार्डात पडलेली. कारखान्याच्या मॅनेजरला ती सापडली, आणि त्यानं नव्या मालकांकडून कबूल करून घेतलं की गोदामं बांधा, काय वाटेल ते करा, पण ही वाघीण फाटकाशी, त्या तासलेल्या खांबाजवळ उभी राहील. ती सोडली तर इथं कारखाना होता याची खूण ती काय राहणार? आकडेबाईनं तिच्यावर पुन्हा नंबर लिहिला. लिहिताना तिचे डोळे भरून आले. पण आडभिंतीच्या खालच्या कोपऱ्यात, जिथं पाणी साचायचं तिथं, काही रिव्हेट गंजून गळून पडले होते.

"वेल्डिंग मारून टाकू," कुणीतरी म्हणालं.

"रिव्हेटच्या वाघिणीला वेल्डिंग?" मॅनेजर म्हणाला. "रिव्हेट मारणारं कुणी आहे का अजून?"

सगळ्यांनी आकडेबाईकडे पाहिलं.

तिच्या डोक्यात त्या क्षणी जे आलं ते तिनं कुणालाच सांगितलं नाही, फक्त मॅनेजरला विश्वासात घेतलं. बाबांना म्हणाली, "आत वेल्डिंगमधला एक पोरगा धरेल." मामंजींना म्हणाली, "बाहेर एक पोरगा आहे, बऱ्यापैकी मारतो." इतकं सरळ खोटं बोलताना तिची जीभ जरासुद्धा अडखळली नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. बेत असा की काम झालं, दोघांनी मिळून केलं असं नंतर कळलं, की दोघं विरघळतील. आणि नाही विरघळले तर? तर मग भावाचं तिकीट होतंच, तीन दिवसांनंतरचं.

सकाळी मामंजींना आधीच आणून आत बसवलं. त्यांनी ठोकळा हातात घेतला, वजन करून पाहिला आणि म्हणाले, "हलका केलाय का रे हा?" हलका कोण करणार? पण म्हाताऱ्याला तेवढाच अभिमान. मग बाबा आले. जुना चामड्याचा पट्टा कमरेला बांधून आले होते. आडभिंतीसमोर उभे राहिले, जिथं कधी काळी ते गोल होते तिथं त्यांनी नजर फिरवली आणि हवेवर चालणाऱ्या हातोड्याची नळी जोडून घेतली. म्हाताऱ्या लोहारानं भट्टीतून लाल रिव्हेट काढला, चिमट्यानं आत दिला. भोकातून त्याचं तापलेलं शेपूट बाहेर आलं.

बाबांनी हातोडा टेकवला. धडधड सुरू झाली. किती वर्षांनी तो आवाज! रस्त्यावरची माणसं फाटकाशी येऊन उभी राहिली.

आणि मध्येच बाबा थांबले.

त्यांनी हातोडा उचलला. पत्र्यावर हाताचा पंजा ठेवला. मग वळून लेकीकडे पाहिलं. आकडेबाई लगेच आभाळाकडे बघायला लागली. झालं, तिला वाटलं, आता हातोडा टाकतात आणि चालू लागतात.

बाबांनी हातोडा पुन्हा टेकवला आणि रिव्हेट पुरा केला.

दुसरा झाला. तिसरा झाला. लोहार पुढचा तापवत होता तेव्हा बाबा म्हणाले, "आत कोण आहे म्हणालीस?"

"वेल्डिंगमधला पोरगा!" ती त्यांच्या कानाशी ओरडली.

"अस्सं." त्यांनी कपाळ पुसलं. "चांगला धरतो. तेव्हाही असाच धरला होता."

तिला आधी काही उमजेना. मग उमजलं तेव्हा तिनं बाबांची बाही धरली.

"बाबा! म्हणजे तुम्हाला माहीत होतं? त्या दिवशी आत मामंजी होते हे?"

"कान गेलेत माझे, हात नाही गेले. ठोका मारला की हातोडा परत येतो ना, त्याच्यावरून कळतं आत कोण आहे. पहिल्याच रिव्हेटला कळलं होतं."

"मग इतकी वर्षं तोंड का शिवून बसलात?"

आता बाबा भडकले. "मी? मी तोंड शिवून बसलो? अगं, मी थांबलो होतो! ह्या दाराशी, ऑफिसच्या बाजूला! म्हटलं, साहेब झालाय, अंगात कोट आहे, ऑफिसच्या बाजूनंच उतरणार. उतरला की आधी मनसोक्त शिव्या घालणार होतो. मग नळावर घेऊन जाणार होतो, दुसरं काय? शेड रिकामी झाली तरी मी उभा. आलाच नाही. पलीकडच्या दारानं उतरून चोरासारखा निघून गेला!"

आकडेबाई त्या वाघिणीकडे बघत राहिली. वाघिणीला दोन दारं असतात, दोन्ही लांब बाजूंना एकेक, समोरासमोर. एक ऑफिसकडे, एक नळाकडे. हे काय तिला माहीत नव्हतं? जन्मभर त्या दारांवर तिनं आकडे लिहिले होते. टेकू जुन्या सवयीनं नळाकडे उतरला होता, कारण कोट चढला तरी आपण तोच टेकू, असं त्याला दाखवायचं होतं. आणि ठोक्या ऑफिसकडे थांबला होता, कारण दोस्ताच्या कोटाचा त्याला मान राखायचा होता. दोघं एकाच वाघिणीच्या दोन बाजूंना उभे, आणि मध्ये नेहमीप्रमाणे पत्रा. एकानंही चार पावलं टाकून वळसा घातला नाही. अरे देवा, अशी माणसं!

"बाबा," ती ओरडली, आणि ओरडता ओरडता तिला रडूच फुटलं, "ते नळाशी उभे होते! हात धुवायला! तुमची वाट बघत!"

फाटकाशी जमलेल्या सगळ्यांना ऐकू गेलं. फक्त वाघिणीत बसलेल्या बहिऱ्या म्हाताऱ्याला ऐकू गेलं नाही.

बाबा परत आडभिंतीकडे वळले. राहिलेले रिव्हेट त्यांनी मारले. एकही वाकडा गेला नाही. शेवटचा झाल्यावर त्यांनी नळी काढली, हातोडा खाली ठेवला. आकडेबाई लोहाराला भट्टी विझवायला मदत करायला वळली, आणि परत पाहते तो बाबा जागेवर नाहीत.

ती धावत ऑफिसच्या बाजूला गेली. तिथं मामंजी दारातून एकेक पाय खाली सोडत उतरत होते. उतरून त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"कुठं गेला म्हातारा?"

"कोण म्हातारा?" ती म्हणाली. खोटं इतक्या सहजासहजी सुटत नाही.

"मला खुळा समजतेस होय गं सूनबाई? ठोक्यागणिक शिवी दिल्यासारखा हातोडा दुसरं कोण मारतं? कुठंय तो?"

"मग मामंजी, तुम्ही नळाच्या बाजूनं का नाही उतरलात?"

"तिकडे तो येत नाही," मामंजी म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. "एकदा उभं राहून पाहिलंय मी. म्हटलं, या खेपेला ह्या दाराशी बघू."

आकडेबाईनं कपाळावर हात मारून घेतला. म्हणजे पुन्हा तेच! तिनं मामंजींचे दोन्ही खांदे धरले आणि त्यांना गर्रकन वळवलं. वाघिणीची दोन्ही दारं सताड उघडी होती. आरपार दिसत होतं. पलीकडे, उजेडात, बाबा पाठमोरे नळाशी उभे होते. नळाला आता पाणी नव्हतं, कारखान्याचं पाणी कधीच तोडलं होतं. तरी ते चावी फिरवत होते आणि थांबत होते.

"बाबा!" तिनं हाक मारली. ऐकू कसं जाणार?

"जागची हलू नकोस," मामंजी म्हणाले, जसं काही तीच पळून जाणार होती. ते परत वाघिणीत चढले. गुडघे कुरकुरले, तोंडातून एक शिवी गेली. मधला रिकामा भाग ओलांडून ते पलीकडच्या दारात जाऊन उभे राहिले. उचलून आणलेला ठोकळा त्यांनी दाराच्या चौकटीवर आपटला. ठण्ण.

ते मात्र बाबांना कळलं. ऐकू आलं की पायाखाली जाणवलं, कोण जाणे. ते वळले.



"पाणी नाही," बाबा म्हणाले. सगळ्या आवाराला ऐकू जाईल अशा आवाजात.

"मग उभा कशाला आहेस?"

"तू येशील म्हणून!"

"मी त्या दिवशी इथंच होतो रे! इथं, नळाशी!"

"मी तिकडे होतो! कोट घातला होतास ना, मेल्या! म्हटलं, साहेब आहेस!"

"कसला डोंबलाचा साहेब! गोल काढताना माझा हात चालत नव्हता, तुला काय सांगू!"

"ढिलेच होते ते," बाबा म्हणाले. हे मात्र ते हळू बोलले, म्हणजे त्यांना वाटलं हळू बोलले. "मला माहीत होतं. ढिलेच होते."

मग त्यांनी पुढं होऊन हात वर केला. मामंजींनी तो धरला आणि उतरले. उतरल्यावरही सोडला नाही. आकडेबाई वाघिणीच्या या बाजूनं ते पाहत होती, आणि पदरानं, मग बाहीनं, मग हातातल्या रंगाच्या चिंधीनं डोळे पुसत होती. गालाला पांढरा रंग लागला, तिला त्याचं भानही नव्हतं.

ती वळसा घालून त्यांच्याजवळ गेली तेव्हा दोघं कोरड्या नळाखाली हात चोळत होते, आणि मामंजी नव्या मालकांची खाजगीत चेष्टा करत होते, फाटकावरची सगळी माणसं हसत होती.

तिनं तिकिटाचं काही विचारलं नाही. विचारायचा धीरच झाला नाही. बाबांनीच पट्टा सोडून खांद्यावर टाकला आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "ती मागची खोली. तिला दारं किती आहेत?"

"एकच आहे बाबा."

"मग चालेल," बाबा म्हणाले.